तालुक्याचे फिजिओथेरपी केंद्र : सहा आठवड्यांचा अनुभव

लकव्याने बाबांची उजवी बाजू लुळी पडली त्याला पाच महिने झाले. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी असलेल्या खासगी फिजिओथेरपी केंद्रात आम्ही सहा आठवड्यांपासून एसटीने जात आहोत. तिथल्या ताई यंत्रांपेक्षा हाताच्या कामावर भर देतात. ताटलीतील तुरीचे दाणे उजव्या हाताच्या चिमटीने उचलून वाटीत टाकायचे, आणि डावा हात मदतीला धावू नये म्हणून त्यावर जाड मोजा चढवायचा. सुदृढ हात अडवून दुर्बल हात राबवण्याची ही पद्धत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत उपयुक्त ठरली होती.

मात्र उरलेल्या दिवसांचे व्यायाम घरच्यांवर सोपवून हाती दिलेला कागद मला खटकला. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कुटुंबीयांना शिकवून घरी करून घेतलेल्या व्यायामांमुळे मृत्यू किंवा परावलंबित्व कमी झाल्याचे दिसले नव्हते. आई जीव तोडून करते, पण तिला वेळोवेळी दुरुस्त करणारे कोणीतरी हवे. दारातील तीन पायऱ्यांना कठडा नाही, हे तर अशा केंद्रात चालण्यासारखेच नाही.

गेल्या सोमवारी बाबांनी सदऱ्याचे वरचे बटण स्वतः लावले. आम्ही पुढचे सहा आठवडेही तिथेच जाणार आहोत.