बडोद्याच्या दांडिया बाजारातली वाड्यातली बालवाडी: आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या नातवाला आधी एका मोठ्या प्लेस्कूलमध्ये घातलं होतं. तिसऱ्याच आठवड्यात हातात पेन्सिल देऊन ठिपके जोडायला बसवलं. शेजारच्याशी बोललं की तोंडावर बोट. पोर रात्री झोपेत रडायला लागलं, तेव्हा काढून घेतलं आणि जूनपासून या बालवाडीत घातलं.

जुना वाडा, ओसरी, मागे फरसबंद अंगण. २१ मुलं, अडीच वर्षांपासून सहापर्यंतची, सगळी एकत्र. मराठी, गुजराती, एक-दोन सिंधी.

पहिले दोन आठवडे आमचा बाळ ओसरीच्या खांबाला धरून नुसता उभा. माझा जीव वरखाली. मी इथल्याच युनिव्हर्सिटीत होम सायन्स शिकले. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेनं १९३२ साली मुलांच्या खेळाचे जे प्रकार सांगितले, त्यात दुसऱ्यांचा खेळ बघत उभं राहणं हाही एक आहे, हे मला पाठ होतं. पण आपल्या घरचं मूल असलं की धीर राहत नाही. ताई म्हणाल्या, "बघू द्या त्याला, काकू. त्याचं काम चाललंय." मग तो दोन मुलांच्या शेजारी आपली गाडी घेऊन बसायला लागला, शेजारी, पण त्यांच्यात नाही. दिवाळीनंतर त्यांच्याच 'दुकानात' भाजी विकत होता.

थंडीत एकदा लवकर पोचले, तर सगळी मटार सोलत होती. आमचा शेंग दातांनी तोडत होता. शेजारच्या पाच वर्षांच्या मुलीनं ती त्याच्याकडून घेतली, टोकाला अंगठ्यानं दाबून टच्कन जराशी उघडली आणि परत त्याच्याच हातात दिली. "हवे तू खोल." म्हणजे, आता तू उघड. त्यानं अंगठा आत सरकवला, दाणे वाटीत, दोन चटईखाली. एकट्याला जे जमत नाही, ते मूल थोड्या जाणत्याच्या मदतीनं करतं, असं वायगोट्स्की हा रशियन मानसशास्त्रज्ञ सांगतो. मी ते त्या दिवशी पाहिलं. मोठ्या माणसानं सगळी शेंग सोलून दिली असती. ताई समोरच होत्या, उठल्या नाहीत. मला त्यांचं हेच फार आवडतं.

तीनचाकी सायकल सगळ्यांत एकच. मी दुसरी देऊ केली, ताई नको म्हणाल्या. आता आमचा बाळ रांगेत उभा राहून "मारो वारो", म्हणजे माझी पाळी, म्हणतो आणि पाळी संपली की उतरतो. घरात कुणी त्याला गुजराती शिकवलेली नाही.

उणीवही सांगते. संडासाची पायरी फार उंच आहे. लहानांना हात धरून चढवावं लागतं. दोनदा सांगूनही तशीच आहे. आणि बारा वाजता सुटते, त्यामुळे दोघं नोकरीवर असतील आणि घरी आजी-आजोबा नसतील तर जमणार नाही.

अक्षरं शिकवत नाहीत म्हणून कुणी मागे हटत असेल, तर गुजरातमध्ये २०२३-२४ पासून पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात. तेवढा वेळ आहे. फी महिना १८०० रुपये, खाऊ तिथलाच. शनिवारी सुखडी, म्हणजे कणीक-गूळ-तुपाची वडी, असते. प्रवेशाआधी ताई तुम्हाला एक सकाळ ओसरीवर बसून बघायला सांगतात. बसा, आणि मुलाला हाका मारू नका.