मुलांसाठी घेतलेली कोळंबी-गोगलगाईंची टाकी : वापरानंतरचा अनुभव, आणि विशेषतः त्या फिल्टरच्या फटीविषयी

या संचातील काचेची टाकी चांगली आहे, दिवा चांगला आहे आणि फिल्टर कोळंबीसाठी अजिबात योग्य नाही. हे सुरुवातीलाच स्पष्ट लिहिते, कारण खोक्यावर लाल चेरी कोळंबीचे मोठे चित्र आहे आणि त्याखाली 'मुलांसाठी सर्व काही एकाच संचात' असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. माझा विक्रेत्याशी आणि कंपनीशी पुढे जो वाद झाला, तो सगळा या चित्रावरूनच झाला.

वीस लिटरची ही टाकी आम्ही गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पुण्यात घेतली. घरात दोन मुले, जागा लहान आणि मासे पाळायचे म्हटले तर मोठी टाकी हवी, म्हणून कोळंबी आणि गोगलगाई असे ठरले. पहिले काही महिने मी या फिल्टरची स्तुतीच करत होते. तो टाकीच्या काठावर अडकवायचा असतो, आवाज जवळजवळ नाही, आणि पाणी इतके नितळ राहते की मागच्या भिंतीवरचे डाग दिसावेत. सोबतच्या पुस्तिकेत मात्र 'दुसऱ्या दिवशी प्राणी सोडावेत' असे लिहिले आहे, ते साफ चुकीचे आहे. नव्या टाकीत विष्ठेपासून आणि उरलेल्या खाद्यापासून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात. ते फिल्टरमध्ये आणि वाळूवर रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. आधी अमोनियाचे नायट्राइट होते, मग नायट्राइटचे नायट्रेट. पहिले दोन्ही कोळंबीला मारक आहेत. आम्ही रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकून ती चालू ठेवली आणि चाचणीच्या नळीतला रंग मुलांनी वहीत नोंदवत नेला. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यानंतरच कोळंबी आणली. मुलांनी एवढे दिवस नुसत्या पाण्याकडे पाहत धीर धरला, याचे मला अजून कौतुक वाटते.

दहा-बारा चेरी कोळंब्या, दोन नेराइट गोगलगाई, थोडे जावा मॉस (शेवाळासारखी पाणवनस्पती) आणि देशी बदामाचे वाळलेले पान एवढाच संसार. बदामाचे पान शहरात रस्त्याकडेला हवे तेवढे मिळते. फवारणी न झालेल्या झाडाचे, आपोआप गळलेले पान घ्यावे आणि धुऊन पाण्यात सोडावे. त्यावर सूक्ष्मजीवांचा जो बुळबुळीत थर चढतो तोच कोळंबीचा खरा आहार आहे, आणि दुकानातली महागडी पाकिटे त्यापुढे अनावश्यक आहेत. पहिल्यांदा कात सापडली तेव्हा कोळंबी मेली असे समजून मुलगी रडली. अंगावरचे कवच मिशा-पायांसकट अखंड निघते, त्यामुळे ते हुबेहूब प्राण्यासारखे दिसते. ती कात काढून टाकू नये. तिच्यातील क्षारांसाठी कोळंब्या ती खातात.

पुढे एका मादीच्या पोटाखाली पिवळसर अंड्यांचा घोस दिसू लागला. मादी वीस-तीस अंडी पोटाखालच्या पायांत धरून ठेवते आणि त्यांना सतत पाण्याचा वारा घालत राहते. तीन-चार आठवड्यांनी पिल्ले बाहेर आली. ती जन्मतः आईसारखीच दिसतात, फक्त जेमतेम दोन मिलिमीटरची आणि जवळपास पारदर्शक असतात. मुले भिंग घेऊन मॉसमध्ये ती शोधत बसत. मग ती कमी कमी होत गेली, आणि फिल्टर धुवायला उघडला तेव्हा आतल्या कापसात मेलेली पिल्ले सापडली. एक तर अजून जिवंत होते. पाणी ओढणाऱ्या नळीच्या टोकाची फट मी पट्टीने मोजली. ती तीन मिलिमीटरची आहे. दोन मिलिमीटरच्या पिल्लाला तीन मिलिमीटरच्या फटीतून आत ओढणारा फिल्टर कोळंबीचे चित्र छापलेल्या खोक्यातून विकणे मला अक्षम्य वाटते, आणि या एका फटीमुळे संपूर्ण संचाविषयीचे माझे मत फिरले.

विक्रेत्याने सांगितले की नळीच्या टोकावर स्पंजचा तुकडा बसवा. बसवला. त्यानंतर मोटार गुरगुरू लागली आणि काही आठवड्यांत बंद पडली. वॉरंटीचा काळ शिल्लक होता, म्हणून कंपनीकडे तक्रार केली, तर ग्राहकाने प्रवाहात अडथळा निर्माण केला असल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही, असे उत्तर आले. स्पंज लावला नाही तर पिल्ले मरतात आणि लावला तर वॉरंटी जाते, मग कोळंबी पाळणाऱ्याने हा फिल्टर वापरायचा कसा, हा साधा प्रश्न मी त्यांना तीनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारला. त्याचे उत्तर मिळाले नाही. साडेतीन हजार रुपयांच्या संचातला निम्मा खर्च या फिल्टरचा आहे, हे त्यांच्याच सुट्या भागांच्या यादीवरून कळते.

त्याच्या जागी आम्ही साधा स्पंज फिल्टर आणि छोटा एअर पंप घेतला. दोन्ही मिळून पाचशेच्या आत. बुडबुडे नळीतून वर जाताना पाणी स्पंजमधून ओढून नेतात, एवढीच त्याची रचना, आणि ओढ इतकी मंद की पिल्ले स्पंजवरच बसून चरतात. नव्या स्पंजवर जिवाणू लवकर रुजावेत म्हणून जुन्या फिल्टरच्या कापसातला मळ त्यावर पिळला. हा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नाहीतर क्लोरिनने जिवाणू मरतात. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगावा किंवा हवेच्या नळीत एकदिशा झडप बसवावी, म्हणजे वीज गेल्यावर पाणी उलटे पंपात येत नाही. पाणी पूर्वीइतके नितळ दिसत नाही हे मान्य आहे. पण आता टाकीत तीन पिढ्या एकत्र आहेत आणि मला नितळपणाची फारशी गरज वाटत नाही.

गोगलगाईंकडे मी केवळ काच साफ करणारे प्राणी म्हणून पाहत होते. मुलांनी मात्र कोळंबीपेक्षा जास्त वेळ त्यांच्यासमोर घालवला. नेराइट काचेवरून सरकताना बाहेरून भिंग धरले की तिचे तोंड उघडते, आतली खरखरीत जीभ बाहेर येते, शेवाळ खरवडते आणि मिटते. तिच्या मागे हिरव्या थरात नागमोडी स्वच्छ पट्टा उरतो. नेराइटची अंडी म्हणजे सगळीकडे चिकटवलेले पांढरे तीळ. ती खरवडून निघता निघत नाहीत, आणि गोड्या पाण्यात त्यातून पिल्ले होत नाहीत, कारण अळ्यांना खाडीसारखे मचूळ पाणी लागते. मॉसबरोबर न बोलावता आलेल्या रॅम्सहॉर्न गोगलगाईंचा मला सुरुवातीला फार त्रास वाटला. तेही मत बदलले. त्यांच्या अंड्यांची चिकट, पारदर्शक चकती काचेवर असते आणि भिंगातून प्रत्येक अंड्यात गर्भ गोल गोल फिरताना दिसतो. शाळेच्या पुस्तकातले कुठलेही चित्र ते दाखवू शकत नाही.

गोगलगाईंच्या बाबतीत पुण्याच्या पाण्याची एक अडचण आहे. खडकवासल्याहून येणारे नळाचे पाणी मृदू असते, त्यात कॅल्शियम कमी; त्यामुळे शंखाचे टोक पांढरे पडून झिजू लागते, आणि कोळंबीलाही कात टाकताना नवे कवच घडवायला अडचण येते. यावर उपाय म्हणून विकले जाणारे आयात द्रावण महाग आहे. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन मागावे. ते म्हणजे माकूळ या सागरी जिवाचे आतले कवच, जवळपास सगळे कॅल्शियम कार्बोनेट, आणि थोड्या पैशांत कित्येक महिने पुरते. त्याचा तुकडा टाकीत सोडला की सुरुवातीला तो तरंगतो, मग भिजून बुडतो. झिजलेला भाग भरून येत नाही, पण शंखाच्या तोंडाशी वाढणारी नवी कड आता गुळगुळीत आणि गडद येते आहे. ज्यांच्याकडे बोअरचे जड पाणी आहे त्यांना बहुधा याची गरज पडणार नाही.

पुस्तिकेत एका अक्षरानेही न सांगितलेल्या दोन गोष्टी आपल्या घरांसाठी फार महत्त्वाच्या आहेत. तांब्याच्या हंड्यातले किंवा कळशीतले पाणी टाकीत कधीही घालू नये. माणसाला चालणारे तांबे कोळंबीला आणि गोगलगाईला विष आहे. घरातील ज्येष्ठ मंडळींना हे आधीच नीट सांगून ठेवावे, कारण रात्रभर तांब्यात ठेवलेले पाणी उत्तम, या भावनेने तेच ओतले जाण्याची शक्यता असते. दुसरे, डास पळवणारे द्रवाचे यंत्र त्या खोलीत लावू नये. त्यातील कीटकनाशक कीटकांइतकेच कोळंबीलाही मारते, आणि एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडत असतो. आम्ही त्या खोलीच्या खिडक्यांना जाळ्या बसवल्या.

उन्हाळ्यात पाणी तीस अंशांच्या वर गेले की कोळंबी मंदावते. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा फिरवला की दोन-तीन अंश उतरतात. पाणी लवकर आटते, तेवढे भरत राहावे.

ओढ्यातून गोगलगाई आणून टाकीत सोडण्याचा हट्ट मुलाने धरला होता. तो मी मानला नाही, कारण अशा गोगलगाईंत यकृतकृमीसारख्या परजीवींच्या अळ्या वाढतात. याच कारणाने टाकीत हात घातल्यावर साबणाने धुण्याचा नियम आमच्याकडे विकतच्या गोगलगाईंनाही लागू आहे. टाकीतले जीव ओढ्यात सोडण्यासही आमच्याकडे मनाई आहे. उजनी धरणात मासेमारांच्या जाळ्यांत सापडणारा सकर मासा मुळात असाच शोभेच्या टाक्यांतून बाहेर गेलेला.

वाढलेल्या कोळंब्या आता ओळखीचा मत्स्यदुकानदार घेतो आणि बदल्यात खाद्य देतो, त्यामुळे टाकीचा चालू खर्च जवळपास विजेपुरताच राहिला आहे. रॅम्सहॉर्नही घ्यायला तो तयार होता, परंतु त्या त्याच्याकडील छोट्या पफर माशांना खाऊ घातल्या जाणार हे कळल्यावर मुलीने एकही दिली नाही. आता आम्ही कोरडे खाद्य एक दिवसाआड आणि अगदी थोडे टाकतो, आणि उरलेच तर दोन तासांत काढून घेतो. रॅम्सहॉर्नची पैदास खाद्यावरच अवलंबून असते, त्यामुळे काचेवर अंड्यांच्या नव्या चकत्या दिसण्याचे प्रमाण एवढ्याने बरेच कमी झाले आहे.