डेबियन, बॅश आणि पीएचपी : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जुलै महिन्यातल्या एका शनिवारी, वाचनालय बंद करण्याच्या वेळेला, मीच लिहिलेल्या १७ ओळींच्या बॅश स्क्रिप्टने (लिनक्समध्ये टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या बॅश या प्रोग्रामसाठी, म्हणजे शेलसाठी, लिहिलेल्या आज्ञांच्या यादीने) आमच्या ग्रंथ देवघेवीच्या ४३ फायली क्षणात पुसून टाकल्या. स्क्रिप्टचे काम साधे होते. ‘जुना बॅकअप’ नावाच्या फोल्डरमध्ये जायचे, तिथल्या आधीच्या प्रती काढायच्या आणि चालू फायलींच्या नव्या प्रती तिथे ठेवायच्या. फोल्डरचा पत्ता मी एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या साठवणीच्या जागेत, ठेवला होता आणि सीडी या फोल्डर बदलणाऱ्या कमांडपुढे ते व्हेरिएबल दुहेरी अवतरणचिन्हांशिवाय लिहिले होते. ‘जुना’ आणि ‘बॅकअप’ यांच्यामध्ये मोकळी जागा असल्यामुळे बॅशने त्या एका नावाचे दोन तुकडे केले, सीडीने ‘टू मेनी आर्ग्युमेंट्स’ अशी तक्रार केली आणि स्क्रिप्ट न थांबता पुढच्या ओळीवर गेली. ती ओळ आरएमची, म्हणजे फायली पुसणाऱ्या कमांडची, होती. फोल्डर बदललाच नसल्यामुळे आरएमने मूळ फायलींवरच हात फिरवला. मी चाचणी घेतली नव्हती असे नाही. चाचणीसाठी केलेल्या फोल्डरचे नाव एकाच शब्दाचे होते, त्यामुळे तिथे सगळे बिनचूक चालले होते.

आरएमने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही. जी प्रत काढून टाकायला स्क्रिप्ट निघाली होती, ती हाताने केलेली ११ दिवसांपूर्वीची प्रत तेवढी शाबूत राहिली. उरलेल्या ११ दिवसांच्या नोंदी मी आणि सहकारी बाई अशा आम्ही दोघींनी शाईने लिहिलेल्या देवघेव नोंदवहीतून पुन्हा भरल्या, त्यात दोन दिवस गेले. कार्यवाहांनी एका शब्दाने दोष दिला नाही. ‘मॅडम, वही बंद करू नका म्हणजे झालं,’ एवढेच ते म्हणाले, आणि वही आजही चालू आहे.

आता सामग्रीविषयी. मी तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. संगणकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. वाचनालयाचा लॅपटॉप दहा वर्षांचा होता आणि त्यावरची विंडोज सुरू व्हायला चहा होऊन जाईल इतका वेळ लागत असे. नव्या लॅपटॉपचे दरपत्रक ३८,००० रुपयांचे आले, तेव्हा मी २५६ जीबीची एसएसडी आणि जादा ४ जीबी रॅम मिळून ३,४०० रुपये खर्च केले आणि एप्रिल २०२४मध्ये डेबियन १२ ही विनामूल्य लिनक्स प्रणाली बसवली. गावातल्या एका क्लासने लिनक्स आणि वेब प्रोग्रामिंग मिळून १२,००० रुपये फी सांगितली, तीही वाचवली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीत विनामूल्य आहेत, छोटे आहेत, आणि पाहता पाहता आपल्या संगणकावर करून बघायचे अशाच बेताने बांधलेले आहेत. सुरुवातीचे दोन महिने मी त्यांच्यावरच काढले. वाचनालयासाठी कोहा ही मुक्त प्रणाली तयार असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. कोहा उत्तम आहे, पण ती सांभाळायलाही टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीची, ओळख लागतेच, आणि मला ती ओळख आधी हवी होती.

जे सुखद निघाले ते आधी सांगते, कारण पुढे तक्रार लांबणार आहे. पाइप या एका सोयीसाठी मी या सगळ्या उपद्व्यापाला शंभरपैकी शंभर गुण द्यायला तयार आहे. डग्लस मॅकिलरॉय यांची ही कल्पना केन थॉम्पसन यांनी १९७३मध्ये युनिक्समध्ये उतरवली. एका कमांडचे उत्तर दुसऱ्या कमांडच्या हातात द्यायचे, इतकीच ती गोष्ट आहे. वर्षभरात कोणते पुस्तक किती वेळा घरी गेले हे काढायला पूर्वी मला दोन दुपारी लागत. आता कट कमांडने पुस्तकांच्या नावांचा रकाना वेगळा करायचा, सॉर्टने सारखी नावे शेजारी आणायची, युनिकने ती मोजायची, पुन्हा सॉर्टने मोठा आकडा वर घ्यायचा आणि हेडने पहिली दहा दाखवायची. एवढी ओळ लिहून एंटर दाबले की उत्तर समोर येते. युनिक फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी ओळखते, म्हणून आधीचे सॉर्ट विसरले तर आकडे साफ चुकतात. मी ते दोनदा विसरले. स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणाऱ्या फायलींचाही मला त्रास झाला, कारण मराठी पुस्तकांच्या नावांतच स्वल्पविराम निघतात आणि कट तिथेही सुरी चालवते. टॅबने रकाने तोडलेल्या फायली वापरायला लागल्यापासून तो त्रास संपला.

आता अवतरणचिन्ह. व्हेरिएबल उघडे लिहिले की त्याची किंमत मोकळ्या जागेवर तोडायची आणि तिच्यात चांदणी (*) असेल तर तिच्या जागी फायलींची नावे भरायची, हे वागणे बॅशने नव्याने आणलेले नाही. १९७९मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या स्टीफन बोर्न यांच्या शेलपासून ते चालत आले आहे. ब्रायन फॉक्स यांनी जीएनयू प्रकल्पासाठी १९८९मध्ये बॅश लिहिले, ते जुन्या शेलची जागा घेण्यासाठी, त्यामुळे हे वागणे तसेच ठेवणे भाग होते. त्या काळी फायलींची नावे आखूड आणि जोडून लिहिलेली असत. आज ‘सभासद यादी मार्च’ हे नाव कोणीही मराठी माणूस सहज देतो. १९९०मध्ये आलेला झेडशेल व्हेरिएबलचे असे तुकडे आपणहून करत नाही, म्हणजे वेगळा निर्णय घेणे अशक्य नव्हते. जुन्या स्क्रिप्टा मोडू नयेत म्हणून बॅशने वारसा सांभाळला, हे मला पटते. मला पटत नाही ते शिकवणाऱ्यांचे वागणे. मी पाहिलेल्या बहुतेक धड्यांत व्हेरिएबल पहिल्या दिवशी येते आणि अवतरणचिन्हे पुष्कळ नंतर, जणू ती लेखनाची शोभा आहे अशा सुरात येतात. गॅस पेटवायला पहिल्या दिवशी शिकवून रेग्युलेटर बंद करायचे पंधरा दिवसांनी सांगावे, तसे हे झाले.

त्या शनिवारनंतर एका ओळखीच्या विद्यार्थ्याने मला शेलचेक हे विनामूल्य साधन दाखवले. विदार होलेन यांनी लिहिलेले हे साधन स्क्रिप्ट न चालवता नुसती वाचते आणि चुका दाखवते. माझ्या १७ ओळींत त्याने पाच सूचना काढल्या. त्यातली एससी २०८६ या क्रमांकाची सूचना अवतरणचिन्हे घालायला सांगत होती, आणि एससी २१६४ सांगत होती की सीडी फसली तर स्क्रिप्टने पुढे न जाता बाहेर पडावे. दोन्हींपैकी एकही ऐकली असती तरी ४३ फायली वाचल्या असत्या. डेबियनमध्ये शेलचेक एका कमांडने बसते. ज्यांना अजून माहीत नसेल त्यांनी हे वाचणे थांबवून आधी ते बसवावे.

इथपर्यंतचा मजकूर मी गणपतीच्या सुट्टीत लिहिला होता आणि शेवटी बॅशला नापास करून टाकले होते. तो तेव्हा प्रसिद्ध केला नाही हे बरे झाले, कारण दिवाळीनंतर माझे मत बदलले.

दसऱ्यापासून मी पीएचपी ही वेब पाने करण्याची भाषा आणि मारियाडीबी हा डेटाबेस घेऊन सभासद शोधण्याचे आणि पुस्तक आहे की बाहेर गेले आहे ते दाखवणारे पान करायला घेतले होते. सुरुवात वाईट झाली. ज्या चित्रफितींवरून मी शिकत होते, त्यांत डेटाबेस जोडण्यासाठी मायएसक्यूएलची (मारियाडीबी ज्यातून निघाला त्या डेटाबेसची) जुनी फंक्शने वापरली होती. ती डिसेंबर २०१५मध्ये आलेल्या पीएचपी ७मधून काढून टाकली गेली आहेत आणि डेबियन १२बरोबर पीएचपी ८.२ येते, त्यामुळे पहिल्याच धड्याला असे फंक्शन अस्तित्वात नाही असे उत्तर आले. इतका जुना धडा तारखेची सूचना न लावता शिकणाऱ्यापुढे ठेवणे योग्य नाही. मी पीडीओ ही डेटाबेस जोडण्याची नवी पद्धत शिकले, पण अर्धीच. शोधायचे नाव थेट एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेच्या, वाक्यात चिकटवण्याची सवय त्या चित्रफितींनी लावली होती आणि ती तशीच राहिली.

आमचा तालुका गोव्याच्या सीमेला लागून आहे. सभासदांची इंग्रजी नावेही नोंदवलेली असतात, आणि डिसोझा हे आडनाव इंग्रजीत लिहिताना पहिल्या अक्षरानंतर वर एकेरी अवतरणचिन्ह येते. नोव्हेंबरमध्ये सहकारी बाईंनी ते आडनाव शोधले आणि पान पांढरे फटक झाले. काही लिहून येईना, चूकही दिसेना. तेव्हा मी टर्मिनल उघडून टेल कमांडने अपाचे या वेब सर्व्हरच्या चुकांची नोंद वाहती ठेवली आणि त्यांना पुन्हा शोधायला सांगितले. इकडे त्यांनी बटण दाबले आणि तिकडे माझ्यासमोर ओळ उमटली, की एसक्यूएलच्या वाक्यरचनेत चूक आहे, ‘सोझा’च्या आसपास. नावातल्या त्या एका चिन्हाने माझे वाक्य मध्येच बंद केले होते आणि उरलेला ‘सोझा’ हा भाग डेटाबेस आज्ञा म्हणून वाचू पाहत होता.

मी बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. जुलैमध्ये हेच घडले होते. माहिती म्हणून दिलेली मोकळी जागा बॅशने रचनेचा भाग मानली, आणि माहिती म्हणून दिलेले चिन्ह डेटाबेसने रचनेचा भाग मानले. डिसोझांच्या जागी कोणी वाईट हेतूने नेमके शब्द टाकले असते, तर आमची सभासदांची सगळी यादी, पत्ते आणि अनामत रकमांसह, त्याच्यापुढे उघडी पडली असती. उपाय माहीत असलेलाच आहे. वाक्य आधी वेगळे तयार करायचे, नावाची जागा रिकामी ठेवायची आणि नाव नंतर स्वतंत्रपणे द्यायचे, म्हणजे ते काहीही असले तरी नावच राहते. पडद्यावर दाखवताना विशेष चिन्हे निरुपद्रवी करणारे एचटीएमएलस्पेशलचार्स हे पीएचपीचे फंक्शन वापरायचे, तेही याच कारणासाठी. मला हे दोन्ही त्या दुपारी दहा मिनिटांत समजले, आणि समजले ते जुलैच्या धड्यामुळे. म्हणून बॅशचा नापास शेरा मी मागे घेते. दोष आहेच, पण तो दोष मला घरच्या घरी, वही हाताशी असताना भेटला. वेबवर तो परक्या माणसाच्या हातून भेटला असता.

मोठेही यातून सुटलेले नाहीत. सप्टेंबर २०१४मध्ये शेलशॉक नावाने गाजलेली चूक बॅशमध्ये सुमारे २५ वर्षे पडून होती. परिसरातल्या (एन्व्हायर्नमेंट) व्हेरिएबलमधून, म्हणजे सुरू होताना बाहेरून मिळणाऱ्या व्हेरिएबलमधून, फंक्शन उचलताना बॅश त्याच्यामागे लिहिलेला मजकूरही आज्ञा म्हणून चालवत असे. सीजीआय पद्धतीने, म्हणजे दर विनंतीला वेगळा प्रोग्राम सुरू करून, चालणारे वेब सर्व्हर ब्राउझरने पाठवलेली माहिती अशाच व्हेरिएबलांत भरून देत, त्यामुळे दूर बसलेला कोणीही सर्व्हरवर हुकूम चालवू शकत होता. शेल आणि वेब हे दोन विषय वेगळ्या वर्षांत शिकवणाऱ्यांनी ही एक घटना तरी दोन्हींच्या मध्ये ठेवावी.

देवनागरीची बाजू अजून कच्ची आहे. पीएचपीच्या एसटीआरलेन फंक्शनला ‘सभासद’ हा शब्द दिला तर ते १५ सांगते, कारण ते बाइट मोजते आणि यूटीएफ ८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. एमबी एसटीआरलेन ५ सांगते, कारण काना वेगळा मोजला जातो. आपल्या डोळ्यांना दिसतात ती ४ अक्षरे फक्त ग्राफीम एसटीआरलेन सांगते, आणि डेबियनमध्ये या शेवटच्या दोन्हींची पॅकेजे वेगळी बसवावी लागतात. ओळखपत्रावर नाव २० बाइटांवर कापल्यामुळे आमच्या पहिल्या छपाईत कित्येक नावांच्या शेवटी चौकटीतले प्रश्नचिन्ह आले आणि ३० कोरी कार्डे वाया गेली. टर्मिनलमध्ये जोडाक्षरे आणि वेलांट्या जागच्या जागी बसत नाहीत, कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे अशी स्थिती मी वापरून पाहिलेल्या तीनही टर्मिनलांत आहे. माहिती बिघडत नाही, डोळे मात्र दुखतात.

पान इंटरनेटवर ठेवण्यासाठी एका कंपनीची स्वस्त जागा घेतली होती. तिथे पीएचपी ७.४ होते, बदलून मागितले तर वरच्या योजनेत जा असे उत्तर आले, आणि नूतनीकरणाचा दर पहिल्या वर्षाच्या तिप्पट निघाला. तीन वेळा तक्रार नोंदवून मी तो नाद सोडला. आता पान वाचनालयातल्या वायफायपुरते त्याच लॅपटॉपवरून चालते. खर्च शून्य आहे आणि आमची गरज भागते.

बॅकअपची स्क्रिप्ट २६ ओळींची झाली आहे आणि क्रॉन या ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीतून रोज संध्याकाळी पावणेआठला चालते. ती आधी नवी प्रत करते, मूळ आणि प्रत यांची शा-२५६ बेरीज (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) जुळते का ते पाहते, आणि जुळली तरच सर्वांत जुनी प्रत काढते. विद्यार्थ्याने सुचवले होते की फोल्डरच्या नावातली मोकळी जागा काढून अधोरेघ घालावी, सगळे तसेच करतात. मी ते केले नाही. फोल्डरचे नाव ‘जुना बॅकअप’ असेच आहे, आणि स्क्रिप्टमध्ये ते जिथे जिथे येते तिथे दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हे आहेत.