आरशात राहिलेली रेघ

2025च्या फेब्रुवारीत आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिना लाकडी आणि अरुंद, लिफ्टचा प्रश्नच नाही. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं: निदान सहा महिने जिना विसरा, वॉकरवरच चालायचं, कमोड हवा, उंबरे नकोत. दवाखान्यातून सुट्टी मिळायला आठ-नऊ दिवस होते. तेवढ्यात तळमजल्यावरचं घर भाड्याने मिळवायचं होतं, आणि मी दिवसा मकरपुऱ्याला कामावर, रात्री आईजवळ दवाखान्यात. मला वेळ नव्हता आणि हे मीच दलालाला पहिल्या फोनवर सांगून बसलो.

दलाल पंचविशीतला मुलगा, बोलायला फार गोड. प्रत्येक वाक्यात ‘काका’. रात्री साडेदहाच्या सुमाराला त्याने व्हॉट्सॲपवर सात फोटो पाठवले. समा भागातलं टेनामेंट, म्हणजे स्वतंत्र बैठं घर, दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, पुढे फरसबंद अंगण आणि लोखंडी गेट. भाडं 15,000, अनामत दोन महिन्यांची. मालक अमेरिकेत, किल्ली शेजारच्या सोसायटीत कुणाकडे तरी, ती रविवारी मिळेल.

2024च्या ऑगस्टनंतर बडोद्यात घर बघणारा माणूस पहिला प्रश्न पाण्याचाच विचारतो. त्या महिन्याच्या पुरात विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर चढली होती, धोक्याच्या खुणेपेक्षा नऊ-दहा फूट जास्त. वरून आजवा धरणाचं पाणी, खाली शहरात तुंबलेलं पावसाचं. दोन-तीन दिवस लोक गच्चीवर बसून होते आणि नदीतल्या मगरी सोसायट्यांच्या रस्त्यांवर आल्या होत्या. समा त्यातून सुटलं नव्हतं हे मला माहीत होतं. म्हणून मी सरळ विचारलं, या घरात पाणी शिरलं होतं का?

“ना काका, पाणी फक्त रोड सुधी आव्युं. भीतो जुओ ने, एकदम कोरी छे.”

पाणी रस्त्यापर्यंतच आलं, भिंती बघा, कोरड्या आहेत. आणि त्याने हॉलचा फोटो पुन्हा पाठवला. भिंत खरोखरच स्वच्छ दिसत होती, फिकट पिवळी, छतापासून फरशीपर्यंत एकसारखी. मी दवाखान्याच्या बाकावर बसून ती भिंत बोटांनी मोठी करून पाहिली आणि माझं समाधान झालं. एवढ्या स्पष्ट प्रश्नाला एवढं स्पष्ट उत्तर मिळाल्यावर आणखी काय विचारायचं, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

मग नेहमीचंच. दुसरी पार्टी तयार आहे, उद्यापर्यंतच थांबवू शकतो. 11,000 टोकन मी तिथूनच दलालाला यूपीआयने पाठवलं. दुसऱ्या दिवशी मालकाच्या खात्यात 30,000 अनामत आणि दलालाला निम्मी दलाली 7,500. एकूण 48,500 रुपये. घर डोळ्यांनी न पाहता.

सकाळी आईला मोबाइलवर फोटो दाखवले. अंगणाच्या फोटोवर ती थांबली. डाव्या बाजूला, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मोकळी, नितळ फरशी होती. “इथं तुळस ठेवू,” म्हणाली. “मला पलंगावरून दिसेल.” ऑपरेशननंतर पहिल्यांदा तिच्या तोंडून पुढच्या दिवसांबद्दल काही निघालं होतं.

रविवारी मी आणि मुलगी किल्ली घेऊन गेलो.

रिक्षा गल्लीत वळली आणि आधी दिसली ती डीपी. दोन खांब, वर ट्रान्सफॉर्मर, खाली जाळीचं कुंपण, आणि हे सगळं गेटच्या अर्ध्या तोंडाशी. स्कूटर तिरकी करून आत जाईल. रुग्णवाहिकेतून स्ट्रेचर किंवा चाकांची खुर्ची न्यायची तर जागाच नाही. फोटोत गेटच्या बाहेर मोकळा रस्ता होता आणि मागे समोरच्या बंगल्याची भिंत. अंगणात गेलो. आईने तुळशीसाठी निवडलेल्या जागी गटाराच्या चेंबरचं झाकण होतं, एका कोपऱ्याला फुटलेलं, आणि त्यातून काळं पाणी झिरपून सुकल्याचा डाग खिडकीपर्यंत गेला होता. ती नितळ फरशी कुठेच नव्हती. ती कधीच नव्हती.

दार उघडल्यावर ओलीचा वास आला. हॉलच्या चारही भिंतींवर, माझ्या छातीच्या थोडी खाली, तपकिरी रेघ होती. पट्टीने आखावी तशी सरळ. रेघेखाली रंगाचे पापुद्रे सुटलेले, त्याखाली पांढरं मिठासारखं फुललेलं. मुलीने बोट लावलं तर भुगा खाली पडला. आतल्या खोल्यांची प्लायवूडची दारं खालून फुगून त्यांचे थर भिजलेल्या वहीच्या पानांसारखे सुटले होते. जुने स्विचबोर्ड काढून नवे डोक्याएवढ्या उंचीवर बसवले होते. पाणी आलं होतं हे घरातली प्रत्येक वस्तू सांगत होती.

तिथूनच दलालाला फोन लावला. तो गडबडला नाही. “काका, ए तो फोटा एआईथी थोडा क्लीन कर्या छे. बधाज करे छे. घर तो एज छे ने!” फोटो जरा साफ केले, सगळेच करतात, घर तर तेच आहे.

याच वाक्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे. फोटो साफ करणं म्हणजे काय हे त्याला नीट माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं.

ही सोय आता कुणाच्याही फोनमध्ये असते. फोटोशॉपमध्ये नको तो भाग निवडून आजूबाजूच्या रंगपोताने भरून काढायची सोय 2010मध्येच आली, पण ती शिकलेल्या माणसाच्या हातात होती. गूगलचं मॅजिक इरेझर 2021मध्ये त्यांच्या पिक्सेल फोनवर आलं आणि 2024च्या मेपासून ते गूगल फोटोज वापरणाऱ्या सगळ्यांना फुकट मिळू लागलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ॲपलनेही नव्या आयफोनना क्लीन अप दिलं. बोटाने वस्तूभोवती गोल काढायचा, दोन-चार सेकंद थांबायचं, वस्तू गायब. आपल्याला वाटतं की वस्तू उचलली आणि मागचं दिसायला लागलं. तसं होत नाही. मागचं कॅमेऱ्याने टिपलेलंच नसतं, मग ते दिसणार कुठून? यंत्र आजूबाजूचे रंग, रेघा, फरशीची नक्षी बघतं, शिकवणीत पाहिलेल्या असंख्य चित्रांवरून तिथे काय असावं याचा अंदाज बांधतं आणि ती जागा नव्याने रंगवतं. माझ्या हॉलची ती फिकट पिवळी भिंत असाच एक अंदाज होता. मी अंदाज बोटांनी मोठा करून पाहिला आणि त्यावर पैसे दिले.

दलाल पूर्वीही वाईट कोपरा फोटोत येऊ देत नसत. पण न दाखवलेल्या कोपऱ्याबद्दल आपण विचारू शकतो, जाऊन बघू शकतो, निदान शंका घेऊ शकतो. इथे शंकेच्या जागी उत्तरच चिकटवलेलं होतं. पाण्याबद्दल विचारल्यावर पुरावा म्हणून तोच खोटा फोटो परत पाठवणं, याला साफसफाई म्हणत नाहीत. मी स्वतः ही सोय वापरली आहे. आईच्या पंचाहत्तरीला सूरसागर तलावाच्या काठावर काढलेल्या फोटोत मागे एक अनोळखी माणूस आला होता, तो मीच काढून टाकला आणि फोटो फ्रेम करून भिंतीवर लावला. त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. पण ज्या वस्तूवर समोरच्या माणसाचा निर्णय अवलंबून आहे, नेमकी तीच पुसून त्याच्याकडून पैसे घेतले, तर ती फसवणूक आहे, मग बोट फोनवर फिरलं असो की स्टँपपेपरवर.

मुलगी एम. एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्सला आहे. घरी आल्यावर तिने ते सातही फोटो लॅपटॉपवर मोठे करून पाहिले. दहा मिनिटांनी म्हणाली, “बाबा, कपाटाच्या आरशात बघा.”

हॉलच्या फोटोत उजवीकडे एका लोखंडी कपाटाची कड आली होती, दारावर उभा आरसा. आरशात समोरची भिंत दिसत होती, आणि त्या भिंतीवर तपकिरी रेघ होती. पुसणाऱ्याने भिंती पुसल्या, आरसा विसरला. मग एकेक दिसायला लागलं. अंगणाच्या फोटोत फरशीवर दोन समांतर खांबांची सावली पडलेली, पण खांब कुठेच नाहीत. चेंबरच्या जागी फरशीच्या सांध्यांच्या रेघा डावीकडून येतात, मध्येच विरघळतात आणि उजवीकडे अर्धा इंच सरकून निघतात. एका खोलीच्या कोपऱ्यात वायरची पट्टी फरशीपासून वर येत होती आणि भिंतीच्या मध्यावर अचानक संपत होती. फोनच्या पडद्यावर, रात्री साडेदहाला, यातलं काहीच मला दिसलं नव्हतं. आणि दिसणार होतं तिथे मी बघत नव्हतो. मी भिंत बघत होतो. बघायला हवी होती सावली, आरसा, चकचकीत फरशीतलं प्रतिबिंब, जाळीच्या आणि लाद्यांच्या सरळ रेघा. मात्र ही साधनं दर महिन्याला सुधारतात, सावलीही पुसतात. फोटोत खोट सापडली नाही म्हणून फोटो खरा, असं कुणी धरू नये.

मुलीने दुसरी गोष्ट केली ती तर मला आधीच करता आली असती. गूगल मॅप्सवर त्या गल्लीचं स्ट्रीट व्ह्यू उघडलं. ही सोय भारतात 2022च्या जुलैमध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हा पहिल्या दहा शहरांत बडोदं होतं. गेटसमोर डीपी उभी. दवाखान्याच्या बाकावरून दोन मिनिटांचं काम होतं.

फोटोच्या आत लपलेली माहिती तपासता येते असंही तिने सांगितलं. गूगल फोटोज आता तपशिलात एआयने बदल केल्याची नोंद दाखवतं. पण व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की ही माहिती बहुतेक गळून जाते. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावी, तशी पाठवली तर ती टिकते. अर्थात ज्याला लपवायचं आहे तो तीही काढून टाकू शकतो. म्हणून मी आता ओळखीतल्या प्रत्येकाला एकच आग्रह करतो: व्हिडिओ कॉल करा, आणि तो घरातून नको, गल्लीच्या तोंडापासून सुरू करा. फोन हातात धरून चालत गेटपर्यंत या म्हणावं, गेट उघडा, आत या. भिंतींचा खालचा हातभर भाग दाखवा, दारामागची बाजू दाखवा, स्वयंपाकघराच्या ओट्याखाली फोन न्या. आणि शेजाऱ्याला एकदा हाक मारून विचारा, ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आलं होतं? बडोद्यात याचं उत्तर लोक हाताने उंची दाखवून देतात. कुणी “किल्ली रविवारी मिळेल” म्हणालं तर पैसेही रविवारी.

पैशांचं काय झालं ते सांगतो. एका वकील मित्राने मालकाला आणि दलालाला नोटीस पाठवून दिली. जुनं 420 कलम 1 जुलै 2024पासून गेलं, आता फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं, हे मला त्या नोटिशीतून कळलं. पोलीस ठाण्यातही अर्ज दिला. त्याला सगळं चॅट, मूळ सात फोटो आणि आम्ही त्याच जागी उभं राहून काढलेले सात फोटो जोडले. हे चॅट मी रागाच्या भरात पुसून टाकणार होतो, मुलीने हात धरला. मालकाचा अमेरिकेहून फोन आला. फोटो त्याने पाहिलेच नव्हते. पुरानंतर रंगकाम करायचं राहून गेलं हे त्याने स्वतःहून कबूल केलं, माफी मागितली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात 30,000 परत केले. दलालाकडचे 18,500 आजपर्यंत आले नाहीत.

आई तीन आठवडे कारेलीबागला आत्याकडे राहिली. आत्या स्वतः सत्तरीची, तिचंच कुणीतरी करायचं, पण तिने एका शब्दाने जाणवू दिलं नाही. नंतर रावपुऱ्याच्या मागे एका जुन्या वाड्यात तळमजल्याच्या दोन खोल्या मिळाल्या. मी तीनदा जाऊन पाहिल्या, एकदा मुद्दाम संध्याकाळी, एकदा पाणी येण्याच्या वेळी. अंगण नाही. तुळस खिडकीच्या गजाला बांधलेल्या डब्यात आहे.

एक चूक माझ्या मनाला लागून राहिली आहे. भांडणाच्या भरात मी दलालाला आरशाबद्दल सांगून टाकलं. तुझी चोरी आरशात राहिली, असं म्हणालो. एप्रिलच्या शेवटी तेच टेनामेंट पुन्हा जाहिरातीत दिसलं, तोच हॉल, तीच पिवळी भिंत. या वेळी कपाटाचा आरसाही कोरा होता. तो फोटो मी मालकाला पाठवला आणि पोलिसांतल्या अर्जालाही जोडला. जाहिरात अजून निघालेली नाही. अंगणाच्या फोटोत दोन खांबांची सावली मात्र तशीच आहे.