लग्नानंतरचं नाव: माहेरचं ठेवावं, विवाह प्रमाणपत्रावर बदलावं की राजपत्रात छापून घ्यावं?

लग्न झालं म्हणून बाईने नाव बदललंच पाहिजे, असं सांगणारा एकही कायदा भारतात नाही. माहेरचं नाव ठेवता येतं, सासरचं लावता येतं. त्रास होतो तो अर्धवट बदलाचा: आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, बँकेत दोन्ही आडनावं. म्हणून पहिला अर्ज भरण्याआधी खालच्या तीनपैकी एक वाट नक्की करा.

मराठी घरांत हा बदल मोठा असतो. समजा, मेघना सुरेश जोशीची मेघना निखिल देशपांडे झाली, तर आडनावाबरोबर मधलं नावही गेलं. वर तांदळाच्या ताटात अंगठीने ‘मैथिली’ लिहिलं आणि तेच कागदोपत्री लावायचं ठरलं, तर जुन्या नावातलं काहीच उरत नाही. या फरकावर बरंच काही अवलंबून आहे.

माहेरचं नाव ठेवलं तर पॅन, पासपोर्ट, बँक, पीएफ, पदव्या, सगळं आहे तसं चालतं. विवाह नोंदणी मात्र करून घ्याच; जोडीदाराचा व्हिसा किंवा संयुक्त गृहकर्ज यांसाठी नात्याचा पुरावा म्हणून ती लागते. आधारवर नवऱ्याचं नाव हवं असेल, तर पत्ता बदलताना ‘केअर ऑफ’च्या रकान्यात ते घालता येतं. पत्ता कितीही वेळा बदलता येतो, आधारवर नाव दोनदाच बदलता येतं, ती संधी त्याने खर्च होत नाही. ज्यांचं शिक्षण, नोकरी किंवा व्यवसाय माहेरच्या नावावर उभा आहे, त्यांना आम्ही हीच वाट सुचवू.

दुसरी वाट फक्त विवाह प्रमाणपत्राची. नोंदणी झालेली असेल तर ही सगळ्यात स्वस्त आणि लवकर होणारी. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी (ग्राहकाच्या ओळखीची पडताळणी) नियमांनुसार, ओळखपत्र मिळाल्यानंतर नाव बदललं असेल, तरी सोबत राज्य सरकारचं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली (सरकारी गॅझेटमधली) अधिसूचना जोडली की ते ओळखपत्र ग्राह्य असतं. शाखेत कोणी अडवलं तर हाच नियम दाखवा. पण प्रमाणपत्रावर वधूचं फक्त लग्नाआधीचं नाव छापलेलं असेल, तर ‘नवीन नाव यात कुठे आहे?’ हा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे, कारण नियमाला नावातला बदल दाखवणारा कागद हवा असतो. तरी आडनाव आणि मधलं नाव नवऱ्याच्या नावावरून बहुधा जुळवून घेतलं जातं. मेघनाची मैथिली कशी झाली, हे त्या कागदावरून कुणालाच कळत नाही.

म्हणून पहिलं नाव बदलणाऱ्यांनी थेट तिसरी वाट धरावी, राजपत्राची. महाराष्ट्रात शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज करून शुल्क भरलं की जुनं नाव, नवं नाव आणि कारण राजपत्रात छापून येतं. ‘जोशी-देशपांडे’ असं जोडआडनाव लावणाऱ्यांनाही हेच सोयीचं. फक्त मधली रेघ ठेवायची की मोकळी जागा, हे एकदाच ठरवा आणि सगळीकडे तसंच लिहा. अर्ज पाठवण्याआधी इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर तपासा. एक जादा ‘ए’ छापला गेला, तर पुढच्या प्रत्येक खिडकीवर तो आडवा येतो. नुसतं नोटरीचं प्रतिज्ञापत्र राजपत्राची जागा घेऊ शकत नाही.

नाव बदलायचं ठरलं की क्रम महत्त्वाचा. आधी आधार, मग पॅन, मग बँक, मग बाकीचं. पॅनला लग्नपत्रिकाही पुरावा म्हणून चालते आणि छापील कार्डाचे 107 रुपयेच लागतात, त्यामुळे अनेकजणी तिथून सुरुवात करतात. पण आधारला पत्रिका चालत नाही, आणि दोन्हीकडची नावं वेगळी राहिली की ई-केवायसी अडते. आधार केंद्रावर या बदलाला 75 रुपये पडतात. पॅन नंबर तोच राहतो. कार्डावर वडिलांचं नावही राहतं, तिथे नवऱ्याचं येत नाही. पॅनवरचं नाव बदललं की बँकेत लगेच जा: प्राप्तिकराचा परतावा पडताळलेल्या खात्यातच जमा होतो, आणि त्या पडताळणीत नाव जुळावं लागतं.

मतदार यादीसाठी नमुना 8, शुल्क नाही. पासपोर्टवर दुरुस्ती होत नाही, तो नव्याने काढावा लागतो. 36 पानांचे 1500 रुपये. लग्नानंतर लगेच परदेशी जायचं असेल, तर तिकीट जुन्या पासपोर्टवरच्या नावानेच काढा आणि प्रवासाहून परतल्यावर पासपोर्ट बदला. दहावीची गुणपत्रिका आणि पदवी यांना हात लावू नका. जुनं-नवं जोडणारा कागद सोबत ठेवला की पुरतं. माहेरच्या वारशाने सातबारावर नाव असेल, तर दस्तात ‘पूर्वाश्रमीच्या मेघना सुरेश जोशी’ असा उल्लेख हवाच.

पीएफमध्ये नाव बदला वा न बदला, लग्नाआधी केलेलं नामनिर्देशन (नॉमिनेशन) लग्नानंतर रद्द ठरतं. नवं भरावंच लागतं.

घटस्फोटानंतर हिशेब बदलतो. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. लग्नात एक संधी गेली, माहेरच्या नावावर परतताना दुसरी जाते. पुढे पुनर्विवाहात पुन्हा बदलायचं झालं, तर अपवादाच्या प्रक्रियेतून जावं लागतं. त्यामुळे पुढचा विचार करूनच परता. सासरचं नाव मुळात लावलंच नसेल, तर नावापुरतं इथे करण्यासारखं काहीच उरत नाही.

परतायचं असेल तर हुकूमनाम्याची (घटस्फोटाच्या न्यायालयीन आदेशाची) साधी झेरॉक्स नको, न्यायालयाकडून प्रमाणित प्रती घ्या, आणि एकाच वेळी चार-पाच घ्या. हुकूमनाम्यात लग्न संपल्याचं असतं, पुढे कोणतं नाव लावणार हे बहुधा नसतं. त्यामुळे इथे राजपत्राची वाट जास्त खात्रीची. आणि नावाआधी नॉमिनी बदला. बँकेत, विम्यात आधीच्या नवऱ्याचं नाव नॉमिनी म्हणून लिहिलेलं असेल, तर तुम्ही अर्ज देईपर्यंत ते तसंच राहतं.