नव्या फ्लॅटचं देवघर: संगमरवर, सागवान की साधी फळी?

नाशकात फ्लॅटचा ताबा मिळाला की फर्निचर आधी ठरतं आणि देव्हारा राहून जातो. मग वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी जो दिसेल तो घरी येतो. दुकानात जाण्याआधी घरातली रोजची पूजा नीट बघा. पाणी किती सांडतं, दिवा किती वेळ तेवतो, देव किती आहेत, यावरच निवड ठरते.

बाळकृष्णाला, नर्मदेच्या बाणाला रोज अभिषेक होत असेल तर संगमरवराकडे मन ओढतं. पाण्याने त्याचं काही बिघडत नाही. पण हा दगड तेल आणि कुंकू पितो, डाग आत उतरतो. शिवाय तो आंबटाला फार हळवा. तांब्याची भांडी लिंबू-मीठ लावून तिथेच घासली किंवा पंचामृतातलं दही सांडून राहिलं, की झिलई गेलीच. वजनाचंही बघा: दोन फूट बाय दीड फुटाची, 18 मिलिमीटर जाडीची एकच लादी साधारण 13 किलो भरते. पूर्ण देव्हारा फ्लॅटमधल्या चार इंची भिंतीवर टांगू नये, त्याला खालून भक्कम आधार हवा.

तेवढ्याच मापाची सागवानी फळी तीन-साडेतीन किलोची. सागवानाला खण करता येतो. वाती, कापूर, उदबत्त्या, पोथी सगळं हाताशी राहतं. जपायचं ते दिव्याला. निरांजन वरच्या फळीच्या अगदी खाली ठेवलं तर लाकूड काळवंडतं, पुढे जळूही शकतं. समई देव्हाऱ्याबाहेरच लावावी. पावसाळ्यात खण फुगून अडकतो, म्हणून सुताराला थोडी फट ठेवायला सांगा.

पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरात यातलं काहीच नव्हतं. भिंतीतच एक देवळी होती. तिच्यात वणीच्या सप्तशृंगीचा आणि चंदनपुरीच्या खंडोबाचा चांदीचा टाक, आजीने माहेराहून आणलेली अन्नपूर्णा, शंख आणि घंटा. एवढ्यावर तिची आयुष्यभराची पूजा झाली, आणि इतकं प्रसन्न देवघर मी पुन्हा पाहिलं नाही. तुमच्याकडेही टाक आणि दोन-तीन मूर्तीच असतील, किंवा घर भाड्याचं असेल, तर एक फळी पुरते. उरलेल्या पैशांत भांडीबाजारातून चांगलं जड ताम्हण घ्या.

मला विचाराल तर बहुतेक घरांना लहान सागवानी देव्हारा आणि खोल ताम्हण हीच जोडी सोयीची. अभिषेक ताम्हणात झाला की लाकडाला पाणी लागत नाही, आणि ते तीर्थ तुळशीला घालता येतं. निर्माल्यही गोदावरीत न सोडता कुंडीतल्या मातीत मिसळावं.

उंची मात्र मापाच्या टेपने ठरवू नका. रोज पूजा करणारी आई असेल तर तिला त्या जागी पाटावर बसवून बघा. गुडघे दुखत असतील तर देव तिच्या छातीच्या उंचीवर घ्या, म्हणजे तिला उभ्याने फूल वाहता येईल.