नऊ लाद्या मोजल्या नाहीत, ३८,४०० रुपये गेले

आकडा आधीच सांगतो, म्हणजे नंतर कुणी खोदून विचारायला नको. वापरलेली एअर रायफल ३१,५००, ‘ट्यूनिंग’ २,२००, दुर्बीण ३,८००, छर्ऱ्यांचे डबे ९००. एकूण ३८,४०० रुपये. त्यातले ५,००० यूपीआयने, बाकी सगळे रोख. रोख का दिले? विकणारा म्हणाला म्हणून.

२०२४ला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं आणि आमच्या घरात नेमबाजीचं वारं शिरलं. मुलगी तेरा वर्षांची. क्लबची रायफल आठवड्यातून दोनदाच हाताला लागते, मॅचची नवी घ्यायची तर लाखांच्या गोष्टी. म्हणून वापरलेली एअर रायफल शोधत होतो. यात मूर्खपणा काय होता ते मला अजून कळलेलं नाही. मूर्खपणा पुढे झाला.

गोरेगावला इंडस्ट्रियल इस्टेटमधला एक गाळा. माणूस गोड, चहा लगेच आला. “जर्मन बॅरल आहे साहेब, शिकारीची क्वालिटी.” शिकारीवर आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, पण कुणी ‘शिकारीची’ म्हटलं की माल दणकट वाटतो, हे तो ओळखून होता. नळीवर जर्मन नाव कोरलेलं होतं. नाव तर काय, साकीनाक्याला कुणीही शंभर रुपयांत कोरून देतो.

मग त्याने नेम धरून दाखवला. समोरच्या भिंतीवर कार्ड लावलं, टेबलावर कोपर टेकवलं, पाच छर्रे मारले. पाचही भोकं एकमेकांना चिकटलेली. “दहा मीटरवरून, साहेब.” मी मान डोलावली.

आता ऐका. मी फरशीच्या कामाचा कॉन्ट्रॅक्टर आहे, एकवीस वर्षं. पायाखाली दोन बाय दोनच्या लाद्या होत्या. टेबलापासून भिंतीपर्यंत नऊ. नऊ दुणे अठरा फूट, म्हणजे साडेपाच मीटर. दहा मीटरला साडेसोळा लाद्या लागतात. लोकांच्या घरात शिरल्याशिरल्या मी नकळत लाद्या मोजतो, कोपऱ्यातली कट पीस कुठे बसलीय ते पाहतो. त्या दिवशी एका ओळीतलं ग्राउट, म्हणजे लाद्यांमधल्या फटीतलं भरण, निघालंय हेसुद्धा बघितलं आणि अंतर मोजलं नाही! कारण मुलगी शेजारी उभी होती आणि तिचे डोळे रायफलवरून हलत नव्हते.

दुसरी खूण तर हातातच होती. मी स्वतः एक छर्रा भरला. तो अंगठा न लावताच आत घसरला, आणि रायफल जरा तिरकी केली तर बाहेर आला. तो हसला, “बॅरल बसलेलं आहे, स्मूथ.” मीही हसलो. चांगल्या नळीत छर्रा अंगठ्याने दाबून बसवावा लागतो, कारण नळीच्या आतले आटे, म्हणजे पिळदार खाचा, त्याच्या कडेला धरायला हवेत. आटे धरले तरच तो फिरतो, फिरला तरच सरळ जातो.

पैसे दिले, रायफल घेतली. मग क्लबच्या रेंजवर दहा मीटरवरून, बेंचवर टेकवून पाच छर्रे मारले. दोन टोकाच्या भोकांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, ४१ मिलिमीटर. दहा मीटरच्या अख्ख्या टार्गेटचा सगळ्यात बाहेरचा गोल ४५.५ मिलिमीटरचा असतो आणि दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. मुलगी काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

कोच मॅडमनी सळईने एक छर्रा नळीतून हळूच ढकलला. निम्म्यापर्यंत घट्ट, मग एकदम सैल. बाहेर आला तर आट्यांच्या खुणा एकाच बाजूला. मग त्यांनी तोंडावरचं काळं वजन फिरवून काढलं. आत हॅक्सॉच्या रेघा! नळी पुढून कापलेली, तोंड वाकडं, एका कडेला बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची खरखरीत कड, तशीच. छर्रा सुटताना मागची हवा सगळीकडून सारखी निसटली नाही की तो तिथेच कलतो. तोंडावर काही स्क्रूने बसवलेलं असेल तर आधी ते काढायला लावा. नाही म्हणाला, तर चहा अर्धा टाकून उठा.

दुर्बीण? दहा मीटरच्या मॅचला दुर्बीण चालतच नाही. तेही मॅडमनीच सांगितलं.

फोन केला तर “हात बसला नाही अजून.” मग “माल बघून घेतलात ना?” मग फोन बंद.

पोलिस ठाण्यात ‘रायफल’ म्हटल्याबरोबर पहिला प्रश्न, लायसन्स कुठंय? ४.५ मिलिमीटर बोअर आणि वीस ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही, हे मी २०१६च्या नियमांचा प्रिंटआउट काढून समजावत बसलो. फिर्यादी मी, आणि जबाब माझाच चालला होता. चाळीस मिनिटांनी साहेब म्हणाले, हे दिवाणी प्रकरण आहे. १ जुलै २०२४पासून फसवणुकीचं कलम ४२०चं ३१८ झालं, उत्तर मात्र तेच. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत आणि माल मिळालाय, मग आमच्याकडे कशाला आलात? ग्राहक हेल्पलाइनवरच्या बाईंनी बिल नंबर विचारला. बिल असतं तर बाई, मी तुम्हाला फोन कशाला केला असता? तीन ठिकाणी तीन अर्ज, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, आणि पोच फक्त एका जागी मिळाली, तीही शिक्क्याशिवाय.

बिल घ्या, त्यावर रायफलचा नंबर लिहून घ्या. छर्रे स्वतःचे न्या, त्याच्या डब्यातले नकोत. पाच नाही, दहा मारायला लावा, आणि तुमच्या टेपने मोजलेल्या अंतरावरून. आधीच छिद्रं पडलेलं कार्ड कुणी दाखवलं तर बघूसुद्धा नका. मुलांना बरोबर नेऊ नका.

परवा त्याची नवी जाहिरात दिसली. दुसरी रायफल, २९,०००, ‘शिकारी क्वालिटी’. फोटोत मागे तीच भिंत आणि खाली त्याच लाद्या. एका ओळीतलं ग्राउट अजून भरलेलं नाही.